आधी हवा काढ

मादारानं पहिल्याच दिवशी सांगितलं,
इल्गवार्स, आधी हवा काढ.
चाकातली, म्हणाली, माझा चेहरा बघून.
एकोणीस वर्षांची पोर,
त्सेसिसच्या त्या बोळातल्या दुकानात
स्पोक ताणता ताणता मला शहाणं करत होती.
मी अंगठ्यानं टायर दाबला. दगडासारखा.
फुस्स. पुन्हा दाबला.
पिकत आलेल्या प्लमइतका झाला तेव्हा म्हणाली, पुरे,
आता तो खडी पोटात घेईल.

तिला सांगितलं नाही
की या खडीची माझी जुनी ओळख.
सव्वीस वर्षं ग्रेडर चालवला मी या भागात,
ते पिवळं धूड, पोटाखाली तिरकं पातं,
केबिनमध्ये थर्मास आणि रेडिओ.
काचेमागून, दोन पुरुष उंचीवरून
रस्ता म्हणजे एक काम होतं:
किलोमीटर तीन ते अकरा, मंगळवार,
पाऊस होऊन गेल्यावर, ओल आहे तोवर.
आता तो तळहातांतून वर चढतो
आणि कोपरात काहीतरी विचारतो.

हँडल आवळू नकोस, हे तिचं दुसरं.
गरम बटाटा धरतोस ना, तसं.
पुढचा ब्रेक जपून.
आणि दगडाकडे बघू नकोस,
जिकडे बघशील तिकडेच जाशील.

मी दगडाकडे बघितलं.

खंदकात जांभळी ल्युपिनं होती, मऊ होती,
पण मी त्यांच्या अलीकडेच पडलो.
कुरणातला करकोचा चार पावलं चालून आला,
माझ्यात खाण्यासारखं काही नाही हे बघून
परत बेडकांकडे वळला.
गुडघ्यातून खडे वेचत बसलो.
एक उजेडात धरला. तांबूस ठिपके.
आमच्याच खाणीतला माल, सोळा मिलिमीटर,
मीच सही करून उतरवून घेतलेला.

सातव्या किलोमीटरला लाटा.
पन्हाळी पत्र्यासारख्या, हातहातभर अंतरानं,
रस्त्याच्या या टोकापासून त्या वळणापर्यंत.
दात वाजले, बाटली उडून राईच्या शेतात गेली.
लोक फोन करायचे पूर्वी:
सातव्यावर घरी पोहोचेपर्यंत दुधाचं लोणी होतं हो!
मी म्हणायचो, हळू चालवा.

हळूच चालवतोय.

कडेला सरक, हे तिचं तिसरं,
ते मला तेव्हा कळलं नव्हतं.
सरकलो. गवत पायाला घासू लागलं
आणि अचानक आवाज थांबला.
वीतभर रुंदीची पट्टी, कुणाचं चाक न गेलेली,
बारीक, घट्ट, जात्याखालच्या पिठासारखी.
तिच्यावरून मी
बर्चच्या सावल्या एकेक कापत
वळणापर्यंत गेलो, वळणानंतरही गेलो.
सव्वीस वर्षं माझं पातं
तिथवर कधी पोहोचलंच नव्हतं.
सबंध रस्त्यात गुळगुळीत तेवढंच,
जे मी केलं नव्हतं.

याचं हसू यायला
चर्चच्या चढापर्यंतचा वेळ लागला.
चढावर उतरलो. ढकलत नेली.
लाज वाटायला वर कुणी नव्हतं,
एक म्हातारी होती, करवंदासारख्या काळ्या बेरींची
बादली घेऊन बसलेली. म्हणाली,
तुझ्या सायकलीचा पाय मोडला का?
मी म्हटलं, माझाच.
तिनं ओंजळभर बेरी दिल्या.

पलीकडून ग्रेडर आला.
त्यात रायविस, माझ्या जागी घेतलेला पोरगा,
मला बघून त्यानं पातं उचललं.
मी हातानं सांगितलं, टाक खाली,
अजून थोडं तिरकं धर,
आणि कडेची एवढी पट्टी सोड,
एवढीच, वीतभर!
त्यानं कानाला हात लावला. इंजिनात काही ऐकू येईना.
अंगठा दाखवून तो निघून गेला.

त्याच्या मागे सगळी ताजी खडी,
सैल, ओली, कडेपासून कडेपर्यंत,
अजून कुणीच न दाबलेली.
मी खाली बसून
दोन्ही चाकांतली आणखी थोडी हवा सोडली
आणि मधोमध निघालो.